फिसिडेन्स : लक्षणे आणि वर्गीकरण
(सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात)

मराठीत ‘शेवाळ’ हा शब्द फार सैल अर्थाने वापरला जातो. विहिरीच्या पाण्यावरील हिरवा तवंग, भिंतीवरील मखमली थर आणि झाडाच्या सालीवरील करडे पापुद्रे या सर्वांना व्यवहारात तो एकच शब्द पुरतो. वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र येथे थांबता येत नाही. तवंग हे शैवल असते, पापुद्रे बहुधा दगडफुलाच्या वर्गातील म्हणजे शैवाक असतात, आणि मखमल ही बहुतेक वेळा हरिता असते. प्रस्तुत लेखात हरितांपैकी एकाच प्रजातीचा विचार करावयाचा आहे. ती प्रजाती फिसिडेन्स होय. शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रातील सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत पावसाळी सहलीस गेलेल्या विद्यार्थ्याच्या हाती ही हरिता हमखास येते, तिची प्रजाती तो त्याच क्षणी सांगू शकतो, आणि तिची जाती सांगताना मात्र तो अनेकदा अडखळतो. ही विसंगती का उत्पन्न होते, हे समजून घेतले असता प्रजातीची लक्षणे व वर्गीकरण या दोन्ही गोष्टी सुलभ होतात, असे आम्हांस वाटते.

प्रथम तिची ओळख. दरडीच्या ओल्या मातीवर, दगडांच्या सांदीत, झाडाच्या बुंध्याशी किंवा वारुळाच्या सावलीकडील अंगावर काही मिलिमीटर उंचीची, पिसासारखी चपटी रोपे दाटीने उभी असतात. पाने खोडाच्या केवळ दोन बाजूंना, एकाच प्रतलात लागलेली असतात. भिंगातून पाहिल्यास प्रत्येक पान खोडाकडे आपले पृष्ठ न वळविता आपली कड वळवून उभे असल्याचे दिसते. ही मांडणी वेखंडाच्या पानांची आठवण करून देणारी आहे. तेथेही पाने दोन रांगांत असून एकाचा तळ दुसऱ्याच्या तळास कवेत घेतो. नवख्या विद्यार्थ्यास अशी चपटी रोपे पाहून पर्णयुक्त यकृतकेचा भास होतो. परंतु यकृतकेच्या पानास मध्यशीर नसते, आणि फिसिडेन्सच्या बहुतेक जातींत ती स्पष्ट असते. ज्या थोड्या जातींत ती नाही, तेथेही पुढे सांगितलेली पर्णरचना शंका राहू देत नाही.

ही पर्णरचना समग्र हरितांमध्ये अनन्यसाधारण आहे. साध्या हरितेचे पान म्हणजे मध्यशीर व तिच्या दोन बाजूंची दोन पाती, एवढेच असते. फिसिडेन्सच्या पानाचे चार भाग पाडता येतात. तळाशी दोन पाती परस्परांसमोर दुमडून होडीसारखा खळगा करतात व त्यात वरच्या पानाचा तळ किंवा खोडाचा भाग धरतात; त्यांना आवरक पाती म्हणू. या होडीच्या कण्यावर, खोडापासून दूरच्या बाजूस, एक उभे पाते वाढलेले असते, ते पृष्ठपाते. आवरक पाती जेथे संपतात तेथून पुढे टोकापर्यंत पान एकेरी होते. मध्यशिरेच्या वरच्या अंगास असलेला हा भाग म्हणजे अग्रपाते. आवरक पाती पानाच्या निम्म्यापर्यंत पोहोचतात की त्याहून पुढे जातात, आणि पृष्ठपाते तळाशी हळूहळू निमुळते होते की एकदम संपते, ही दोन्ही लक्षणे जाती ओळखताना उपयोगी पडतात. म्हणून आकृती काढताना ती वगळू नयेत.

या चार भागांपैकी ‘खरे पान’ कोणते, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात बराच गाजला. रॉबर्ट ब्राउन याच्या मते आवरक पाती हेच मूळचे पान होय आणि पृष्ठपाते व अग्रपाते ही त्यावरील नंतरची वाढ होय. याच्या उलट, संपूर्ण चपटा भाग हेच पान असून तळाशी ते दुभंगले आहे, असाही पक्ष मांडला गेला. १८९९ साली ई. एस. सॅमन याने हा वाद पुन्हा तपासला. ब्राउनच्या बाजूचा महत्त्वाचा पुरावा विद्यार्थ्यास स्वतः पाहता येण्याजोगा आहे. रोपाच्या अगदी तळाशी असलेली पाने काढून क्रमाने काचपट्टीवर मांडावीत. सर्वांत खालच्या लहानशा पानांत आवरक भागच मुख्यत्वे असतो. पृष्ठपाते व अग्रपाते नाममात्र असतात किंवा नसतातच. जसजसे वर यावे तसतशी ती वाढत जातात. एकाच रोपावर पानाच्या घडणीचा जणू इतिहासच मांडलेला सापडतो. आमच्या मते ब्राउनचे मत अधिक ग्राह्य आहे, ते या साध्या निरीक्षणामुळेच.

पाने दोनच रांगांत का येतात, याचे उत्तर खोडाच्या अग्रकोशिकेत आहे. बहुसंख्य हरितांमध्ये ही कोशिका उलट्या तीनधारी सूचीसारखी असते. ती आपल्या तीन बाजूंनी आळीपाळीने खंड कापीत जाते आणि प्रत्येक खंडातून एक पान निघते. फिसिडेन्सच्या वाढलेल्या प्ररोहात ती कोशिका दोनच बाजूंची, पाचरीसारखी असते. खंड एकदा डावीकडे व एकदा उजवीकडे पडतो, आणि पाने आपोआप दोन रांगांत लागतात. विशेष हे, की काही जातींत कोवळ्या कळीच्या आरंभी अग्रकोशिका त्रिपार्श्वच असते व वाढ सुरू झाल्यावर ती द्विपार्श्व होते. इतर हरितांशी असलेले या प्रजातीचे नाते या एका गोष्टीवरूनही सूचित होते.

आता नावाकडे वळू. हरितांच्या नामकरणाचा अधिकृत आरंभ योहान हेडविग याच्या १८०१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथापासून धरला जातो. हेडविग १७९९ मध्येच निवर्तला होता. ग्रंथ त्याच्या पश्चात निघाला. त्याने प्रजाती पाडल्या त्या मुख्यतः बीजुककोशाच्या मुखाभोवती असलेल्या दंतमालेवरून. या प्रजातीच्या दंतमालेत सोळा दंत असून प्रत्येक दंत मध्यापर्यंत किंवा त्याहून खाली चिरून त्याचे दोन तंतू झालेले असतात. ‘फाटलेला दंत’ या अर्थाचे लॅटिन नाव त्यावरूनच पडले. झाकण गळून पडल्यावर हे दंत हवेतील ओलाव्याप्रमाणे आतबाहेर वळतात व बीजुकांचे विसर्जन नियंत्रित करतात. म्हणजे ज्या प्रजातीला आज आपण पानावरून ओळखतो, तिचे नाव दातावरून ठेवलेले आहे. पुढे असे आढळून आले, की काही जातींचे दंत फाटलेलेच नसतात. त्यांच्यासाठी मंकेमेयेरा ही निराळी प्रजाती करण्यात आली. परंतु पानांची घडण तंतोतंत फिसिडेन्सचीच असल्याने ती पुन्हा याच प्रजातीत विलीन झाली. अखंड दातांच्या जातीला ‘फाटलेल्या दाताची’ म्हणण्याची पाळी आली खरी, पण नामकरणाच्या नियमांत नावाच्या अर्थाला महत्त्व नसते.

प्रजाती एकदा पानावरून निश्चित झाली, की जाती कशावरून पाडावयाच्या? आज जगात या प्रजातीच्या सुमारे साडेचारशे जाती मानल्या जातात. भारतातील संख्या साठ-सत्तरच्या घरात आहे. एकोणिसाव्या शतकात हर्बेरियमांत येणारे नमुने लहान, वाळलेले व पुष्कळदा बीजुककोशरहित असत. अशा स्थितीत वर्गीकरणकारांनी पानाच्या किनारीचा आधार घेतला, हे स्वाभाविकच होते. कित्येक जातींच्या पानांच्या कडेला अरुंद, लांबट, जाड भित्तींच्या पेशींची एक पट्टी असते. उरलेल्या पात्यातील पेशी मात्र लहान व बहुकोनी असतात. ही किनार काही जातींत सर्व पात्यांना संपूर्ण असते, काहींत केवळ आवरक पात्यांपुरती असते, तर काहींत मुळीच नसते. ब्रोथेरुसने १९२४ साली जी मांडणी केली तिचा पाया हाच आहे. संपूर्ण किनारीचा ब्रायॉइडियम, जाड किनारीचा पॅकिलोमिडियम, अर्ध्या किनारीचा सेमिलिम्बिडियम, किनारहीन व सरळ कडेचा अलोमा, किनारहीन पण बारीक दातेरी कडेचा क्रेन्युलारिया, असे त्याचे विभाग होत. भारतीय साहित्यात ही विभागणी दीर्घकाळ टिकली. १८५९ सालच्या मिटनच्या भारतीय हरितांवरील ग्रंथानंतर ब्र्यूल याची १९३१ सालची गणना, गांगुली यांचा पूर्व भारतावरील १९६९ ते १९८० या काळात खंडशः निघालेला ग्रंथ आणि चोप्रा यांचा १९७५ चा ग्रंथ ही आपली मुख्य साधने आहेत, आणि जाती ओळखण्याच्या किल्ल्यांत किनारीचा प्रश्न बहुधा आरंभीच विचारलेला असतो.

किनार हे लक्षण सोयीचे आहे यात संशय नाही. एक पान, एक थेंब पाणी व साधा सूक्ष्मदर्शक एवढ्यावर ते दिसते. परंतु सोय आणि विश्वसनीयता या दोन गोष्टी भिन्न आहेत. अर्ध्या किनारीच्या जातींत पुष्कळदा असे दिसते, की किनार सर्व पानांवर नसून स्त्री-अवयवांभोवतीच्या पानांच्या आवरक पात्यांवरच ठळक असते. त्याच जातीचे वंध्य रोप हाती आले, तर किल्लीचा प्रवासी आरंभीच चुकीच्या फाट्याला लागतो आणि किनारहीन विभागात जाऊन पोहोचतो. संपूर्ण किनारीच्या जातींतही किनार टोकाच्या किती अलीकडे संपते, हे रोपागणिक, किंबहुना एकाच रोपावरील पानागणिक बदलते. ब्रायॉइडीसच्या परिवारात अशा सूक्ष्म फरकांवर पाडलेल्या अनेक ‘जाती’ नंतर एकमेकींत मिसळाव्या लागल्या आहेत.

गेल्या अर्धशतकात लक्ष पुन्हा दाताकडे वळले आहे. १९९० साली ब्रुगेमान-नानेंगा व बेरेन्डसेन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने या कुलातील दंतमालांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला, आणि दंतांचे निरनिराळे नमुने वर्गीकरणास आधारभूत मानता येतात असे दाखविले. तंतूंवरील जाडीची ठेवण व पृष्ठावरील बारीक पिटिका यांवरून हे नमुने वेगळे करता येतात. पुढे २००४ मध्ये पर्सेल व ब्रुगेमान-नानेंगा यांनी प्रजातीची नवी विभागणी केली व फिसिडेन्स, अलोमा, पॅकिफिसिडेन्स आणि ऑक्टोडिसेरास अशा चार उपप्रजाती मान्य केल्या. त्यांचा आधार तिहेरी आहे : दंतमालेचा नमुना, मध्यशिरेच्या आडव्या छेदातील पेशींची मांडणी, आणि बीजुककोशाच्या बाह्यभित्तीतील पेशींच्या उभ्या ओळींची संख्या. अलोमा उपप्रजातीत या ओळी बत्तीस असतात. फिसिडेन्स उपप्रजातीत त्या अधिक, साधारण चाळीसच्या घरात असतात. किनारीला येथे दुय्यम स्थान आहे. ब्रोथेरुसचा अलोमा आणि नवा अलोमा यांचे नाव एकच असले, तरी सीमा एक नाहीत, हे विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे. जुन्या यादीतील विभागाचे नाव जसेच्या तसे नव्या लेखात उतरविल्याने गोंधळ होतो. प्रजातीबाहेरही असेच स्थित्यंतर झाले आहे. पूर्वी या कुलासाठी फिसिडेंटेलीस असा स्वतंत्र गण मानीत. अलीकडे ते डायक्रेनेलीस या गणात किंवा त्याच्या निकट ठेवले जाते, आणि तेथेही दंतमालेची एकपदरी घडण हाच दुवा आहे.

या विवेचनाचा आपल्या दोन जिल्ह्यांशी विशेष संबंध आहे, आणि तो पावसामुळे. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. तेथून पाचगणीमार्गे पसरणीचा घाट उतरून वाईस यावे, म्हणजे जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटर अंतर होते. पण तेवढ्यात पाऊस हजार मिलिमीटरांच्या आत आलेला असतो. आणखी पूर्वेस माण, आटपाडी, जत या तालुक्यांत तो पाचशे-सहाशेच्या आसपास राहतो. पश्चिमेस महाबळेश्वरचे अंजनी-जांभळाचे सदाहरित अरण्य, कासचे जांभ्याचे पठार, कोयनेचे खोरे आणि सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्यास लागून असलेले चांदोलीचे अरण्य. पूर्वेस काळ्या कातळाचे उघडे माळ. कृष्णा ही नदी यांपैकी एका टोकास उगम पावून सांगलीपर्यंत दुसऱ्या टोकाकडे वाहत जाते, आणि तिच्या काठची घाटांची दगडी बांधकामे हरितांना ओलावा पुरवितात. इतक्या लहान भूभागात आर्द्रतेचा असा उतार फार थोड्या ठिकाणी मिळेल. ज्या लक्षणाविषयी ते आर्द्रतेनुसार व रोपाच्या वयानुसार बदलते की काय अशी शंका आहे, ते तपासण्यास याहून चांगली प्रयोगशाळा बांधता येणार नाही. उलट पक्षी, हाच उतार निष्काळजी यादीकाराला जाळ्यात पकडतो. पश्चिमेकडील पुष्ट, किनारदार रोप व पूर्वेकडील खुरटे, किनारहीन रोप यांना त्याने दोन जाती म्हणून नोंदविले, तर यादी एकाने वाढते. ज्ञान मात्र वाढत नाही.

पूर्वसूरींनी या भागाकडे दुर्लक्ष केले असे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्यात सनदी सेवेत असलेल्या एल. जे. सेजविक यांनी सह्याद्रीतील हरिता जमविल्या व इंग्लंडमधील एच. एन. डिक्सन यांनी त्या तपासल्या. महाबळेश्वरच्या हरितांचा सविस्तर ग्रंथ मात्र १९९८ साली निघाला, तो जी. टी. दाभाडे यांचा खंडाळा व महाबळेश्वर येथील हरितांवरील ग्रंथ होय. सातारा-सांगलीत काम करणाऱ्याने तो हाताशी ठेवावा. तथापि, दोन्ही ठिकाणे डोंगरमाथ्याची आहेत, हे विसरू नये. पूर्वेकडील तालुके त्याच्या कक्षेबाहेरच राहतात.

जातींच्या नावांतही सावधगिरी हवी. उदाहरणार्थ, दक्षिण आशियात दूरवर पसरलेली फिसिडेन्स क्रिस्पुलस ही जाती जुन्या याद्यांत झिपेलियानस या नावाने आढळते. दोन्ही नावे एकाच जातीची आहेत, हे ठाऊक नसेल तर ती दोनदा मोजली जाते. सुदैवाने तिची खूण चांगली आहे. पानांच्या बगलेत, खोडावर, पारदर्शक पेशींची लहानशी गाठ असते. दोन-तीन पाने अलगद खाली ओढून काढली की ती दिसते. किनार असो वा नसो, ही गाठ फसवीत नाही. सिलोनवरून नाव पडलेली फिसिडेन्स सिलॉनेन्सिस ही भारतीय द्वीपकल्पात विस्तृत आढळणारी दुसरी जाती. तिच्या पात्यातील पेशींवर पिटिका असतात व किनार आवरक पात्यांपुरतीच असते. वर सांगितलेला वंध्य रोपाचा धोका अशाच जातींच्या बाबतीत सर्वाधिक संभवतो. निलगिरीत प्रसिद्ध असलेल्या अॅनोमॅलससारख्या मोठ्या जातींविषयी सहसा वाद होत नाही. वाद होतो तो चार-पाच मिलिमीटरांच्या रोपांविषयी.

यावरून संग्रहाची पद्धतीही ठरते. लहान जाती जुलैमध्ये मातीवर दिसू लागतात, पण त्या वेळी त्यांवर बीजुककोश क्वचितच असतात. कोश पक्व होतात ते पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात. डिसेंबरात रोपे वाळून मातीत मिसळलेली असतात. एकाच सहलीत सर्व गोळा करण्याचा आपल्या विभागांतील प्रघात या प्रजातीस अगदी गैरसोयीचा आहे. आणि ती सहल बहुधा ऑगस्टमध्ये, म्हणजे नेमकी कोशांच्या आधी निघते. त्याच दरडीला दुसऱ्यांदा भेट देण्यास पर्याय नाही. कोश मिळाल्यास झाकण असलेला एक व झाकण गळालेला एक असे दोन्ही ठेवावेत. पहिल्याच्या भित्तीतील ओळी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची वाट पाहण्याचे कारण नाही. कोशाचा दांडा प्ररोहाच्या टोकावरून निघतो की पानाच्या बगलेतून, आणि रेतुकाशय त्याच रोपावर आहेत की निराळ्या, ही निरीक्षणे ताज्या नमुन्यावरच करावीत. वाळलेल्या पुंजक्यात शेजारच्या दोन रोपांचे मूलाभ इतके गुंतलेले असतात, की कोणते कोणाचे हे सांगणे दुष्कर होते. पाने तपासताना खालची, मधली व स्त्री-अवयवांभोवतीची अशी तिन्ही काढून तिन्हींतील किनार वेगवेगळी नोंदवावी. मध्यशिरेचा छेद पानाच्या मध्यभागी घ्यावा.

पाकिटावर केवळ ‘महाबळेश्वर’ किंवा ‘मिरजेजवळ’ लिहिणे पुरेसे नाही. आधार माती, जांभा, कातळ की चुन्याची भिंत, उतार कोणत्या दिशेस, सावली किती, पाणी झिरपते की केवळ पावसाचे, एवढे चार शब्द अधिक लिहावेत. लिंब येथील बारामोटेच्या विहिरीसारखी जुनी दगडी बांधकामे, वाईचे घाट, पूर्वेकडील तालुक्यांतील पायऱ्यांच्या विहिरी यांतील सांधे या दृष्टीने मुद्दाम तपासण्याजोगे आहेत, कारण कोरड्या प्रदेशात वर्षभर ओलसर सावली मिळण्याच्या जागा त्याच. अशा बांधकामांची डागडुजी होताना सांधे सिमेंटने भरले जातात, आणि रस्ता रुंद करताना घाटातील मातीची दरड तासून त्यावर काँक्रीटची भिंत येते. त्यानंतर तेथे काय होते, हे सांगण्यास पाकिटातील नमुन्याशिवाय दुसरे साधन उरत नाही. दंडोबाच्या डोंगरापासून जतपर्यंतच्या पट्ट्यातून कोशासह गोळा केलेली, वरील तपशील लिहिलेली वीस-पंचवीस पाकिटे आणि महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूची तेवढीच पाकिटे शेजारी ठेवून तपासली, तर किनार आर्द्रतेच्या मागे जाते की दंतमालेच्या, या प्रश्नाचे उत्तर पदव्युत्तर प्रबंधाच्या मर्यादेतही मिळण्यासारखे आहे.